स्टिकरवरचं कुंकू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय वीरधवलसाहेब, पाटणहून खास या कार्यक्रमासाठी आलेले आपले सर्वांत जुने विक्रेते आदरणीय तात्याबा, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती शरच्चंद्र थिटे, म्हणजे आपले काका, पहिल्या रांगेत बसलेल्या अनसूयाकाकू, आणि जोडणी विभागापासून हिशेबखात्यापर्यंतच्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना सविनय नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्वानंदी : दोन शब्द’ असं छापलंय. मी दोनावर थांबणार नाही, हे आधीच सांगते. मागे वडे तळायला घेतलेत असा वास येतोय. ते गार झाले तर बोल मला लावा.

काका नेमकं काय करायचे, हे नव्या मंडळींना कदाचित माहीत नसेल. आपलं कडबाकुट्टी यंत्र ज्याच्या गोठ्यात जायचं, त्याच्याबरोबर काकांनी लिहिलेली माहितीपुस्तिका जायची. पुस्तिका म्हणजे काय हो, पिवळ्या पुठ्ठ्यातली चार पानं! पण तिच्या कोपऱ्याला भोक पाडून काका सुतळी ओवायला लावायचे. छापखानेवाले वैतागायचे. काका म्हणायचे, ‘गोठ्यात बाईचे दोन्ही हात वैरणीत असतात, पुस्तक खिळ्याला टांगलेलंच बरं.’ आणि यंत्र पोचवायला जाणाऱ्या माणसाने घरच्या बायकांना बोलावून पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवायचं, असा त्यांचा दंडक होता. पहिल्या पानावर एकच गोष्ट होती. वैरण अडकली तर हात घालू नका, आधी दांडा उलटा टाका, यंत्र अडकलेली वैरण आपणहून बाहेर ढकलेल.

मग मी आले. पुण्यात शिकून कराडला परतलेली, मोबाईलवाली. मला ती पिवळी पुस्तिका बघून हसू यायचं. आता प्रत्येक घरात फोन आहे, कागद कशाला? यंत्रावर एक पांढरा स्टिकर लावू, त्यावर क्यूआर कोड, खाली मदतीचा नंबर. फोन धरला की व्हिडिओ सुरू. साहेबांना पटलं. काकांनी एवढंच विचारलं, ‘आणि वाचून कोण दाखवणार?’ मी म्हटलं, ‘काका, व्हिडिओत मीच बोलतेय की!’ सगळे हसले. काकाही हसले, त्यांचा स्वभावच तसा.

पुस्तिकेशिवायचं पहिलं यंत्र गेलं कुंडलला, नाथाजींच्या घरी. नाथाजी सैन्यातून निवृत्त झालेले, घरी म्हशी. मी स्वतः गेले होते, फोटोग्राफर घेऊन. आता नवं यंत्र दारात आलं की आपल्याकडे आधी काय होतं? पूजा! त्यांच्या पत्नी मनुबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमी पाहुण्या. तुमच्या हातानं पुजा हू द्या.’ मला कोण आनंद झाला! मी बोट बुडवलं, यंत्रावर गुळगुळीत, पांढरीशुभ्र, मोकळी जागा शोधली आणि झोकात स्वस्तिक काढलं.

ओळखलंत ना कुठे काढलं ते? ज्यांनी ओळखलं ते माझ्यापेक्षा हुशार. मी ओळखलं नाही. स्टिकर मी बनवलेला, त्याची जागा मी ठरवलेली, आणि तो कुंकवाने मीच झाकला. मनुबाईंनी वर तेलाचं बोट लावलं, फुलं वाहिली, नाथाजींनी नारळ फोडला आणि फोटो निघाला.

तो फोटो आपण जाहिरातीवर छापला. तात्याबा, तुमच्या दुकानातही तो लागलाय. मग काय, पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने फोटोत बघून अगदी त्याच जागी स्वस्तिक काढलं. कोड झाकला गेला. त्याखालचा मदतीचा नंबरही झाकला गेला. फोन येईनासे झाले. आणि मी, साहेब, वार्षिक बैठकीत तुमच्यासमोर उभी राहून अभिमानाने सांगितलं, की डिजिटल सुविधेमुळे ग्राहकांच्या तक्रारी जवळपास बंद झाल्या. टाळ्या वाजल्या. पुस्तिका विभागाची गरज उरली नाही, असं त्याच बैठकीत ठरलं. काकांची निवृत्ती अजून लांब होती, या हॉलमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे. आपण ‘स्वेच्छेने’ हा शब्द घातलाय पत्रिकेत. मला तो वाचताना लाज वाटली.

हे मला कळलं कधी? गेल्या आठवड्यात. वर्धापनदिनासाठी समाधानी ग्राहकाची मुलाखत हवी होती, म्हणून मी पुन्हा कुंडलला गेले, पुन्हा फोटोग्राफर घेऊन. मनुबाईंनी चहा आणला, पण डाव्या हाताने. उजवा हात पदराखाली होता.

मी विचारलं, ‘मावशी, हाताला काय झालं?’

‘काय न्हाई वो. वाढं अडकलं हुतं मशिनीत. वडाय गेले.’

उसाच्या शेंड्याचं वाढं. दोन बोटं पेरापासून गेलीत त्यांची.

मी म्हटलं, ‘मावशी, दांडा उलटा टाकायचा असतो. व्हिडिओत सांगितलंय मी.’ ऐका, त्या बाईच्या तोंडावर मी हे बोलले. वर स्टिकर दाखवायला वळले, तर तिथे माझंच स्वस्तिक. तेलाने घट्ट बसलेलं. मी विचारलं, ‘हे पुसलं का नाही? याच्याखाली सगळं होतं.’

मनुबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘आवं ताई, सवाशिणीनं काडल्यालं कुंकू. त्ये कोन पुसतंय व्हय?’

मीही कुंकू लावते, माझ्या आईने लावलं. पूजेचं कुंकू पुसावं असं माझ्याही मनात कधी आलं नसतं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी स्टिकर लावताना ते मला सुचलं नाही.

नाथाजी मात्र स्पष्ट बोलले. ‘फौजेत आमच्या हातात बंदूक द्यायच्या आदी ती कशी धरायची ते शिकवत्यात. तुमी मशीन दिली, फोटू काडला आन् गेला. हिला कुनी सांगितलं हुतं?’

कुणीच नाही. पहिलं पान वाचून दाखवायची पद्धत मीच बंद केली होती.

परतताना वाटेवरचे आणखी काही गोठे पाहिले, प्रत्येक यंत्रावर त्याच जागी स्वस्तिक. कराडला आले ती थेट काकांच्या टेबलाशी गेले. ते ड्रॉवर आवरत होते. सगळं सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, ‘उजवा हात का डावा?’ मी म्हटलं, ‘उजवा.’ त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटत होतं की ते रागावतील. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाले, ‘समारंभात यातलं काही काढू नकोस. तुझी नोकरी आहे. साहेबांची पंचाईत होईल. आणि काकूंनी नवी साडी घेतलीय.’

काकू, साडी फार सुंदर आहे. मला माफ करा.

काका, तुमचं एवढं एक मी ऐकलं नाही. तुम्ही आज नुसतं हसून, शाल घेऊन तुमच्या गावी, वाईला गेला असता, आणि आम्ही उद्या त्याच फोटोखाली नवी यंत्रं विकत राहिलो असतो. ते मला सहन झालं नाही. मोबाईल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. व्हिडिओ राहू दे, चांगला आहे तो. पण तक्रारी बंद झाल्याचं मी जे कारण सांगितलं ते खरं नव्हतं, आणि त्याच कारणावर काकांची खुर्ची गेली.

साहेब, पत्रिकेप्रमाणे आता माझ्या हस्ते काकांना शाल आणि श्रीफळ द्यायचंय. ती शाल मी घालणार नाही. माझी भर सभेत विनंती आहे की ती आज कुणीच घालू नये. आधी विकलेल्या प्रत्येक यंत्राच्या घरी आपली माणसं जाऊ देत, बायकांना बसवून पहिलं पान वाचून दाखवू देत, आणि ते काम काकांच्या देखरेखीखाली होऊ दे. मनुबाईंच्या उपचाराचं कंपनीने बघावं. त्यानंतर कुणाला निरोप द्यायचाच असेल, तर तो मला द्या. मी ‘स्वेच्छेने’ हा शब्द खराच लिहीन.

तात्याबा, आपण एवढ्या लांबून आलात, आपले आभार. अध्यक्षमहाराज, आपण मला मध्येच थांबवलं नाहीत, त्याबद्दल आपले मनापासून आभार. काका, तुमचे आभार मानायला मला तोंड नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. मनुबाईंच्या हाताचं मात्र घालू नका.