घंटा वाजली, टँकर नव्हता

शाळेची घंटा ऐकली की माझी मान अजूनही खाली जाते. हसू नका, ऐका आधी.

लातूर नुकताच जिल्हा झालेला आणि दुष्काळ लई बेकार. मी गावच्या शाळेत मास्तर. गावात घंटा एकच, शाळेची. त्यामुळं टँकर आला की तीच जोरात बडवायची, असं गावानं ठरवलेलं. एक दिवस जिल्ह्याहून साहेब आले. वर्गात मोजकीच पोरं. बाकी घरच्यांसंगं पाणी हुडकत गेलेली.

"गुरुजी, शंभर टक्के हजेरी हे आपलं नवं धोरण आहे. घंटा वाजवा, येतील पोरं."

"साहेब, इथं घंटेचं जरा वेगळं हाय..."

"वाजवा म्हणतो ना!"

वाजवली. अख्खं गाव घागरी, बादल्या घेऊन पळत आलं. साहेब खूश! "बघा, याला म्हणतात लोकसहभाग!" आणि त्यांनी भाषणच सुरू केलं.

शेजारच्या शिवकांताकाकू धापा टाकत मला म्हणाल्या, "टँकर कुठंय, गुरुजी?"

"न्हाई आला, काकू. साहेब आलेत. धोरण सांगायलेत."

काकू माघारी वळल्या. रिकामी घागर कमरेवर घेऊन चालू लागल्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

संध्याकाळी टँकर खरंच आला. मी घंटा बडव बडव बडवली, पण एक माणूस घराबाहेर पडंना. शेवटी दारोदार हिंडलो, "पाणी आलंय, चला!"

काकूंनी दार किलकिलं केलं.

"नक्की पाणीच हाय ना, गुरुजी? का पुन्हा धोरण आलंय?"