चंपाबाईच्या केसप्रमाणे

(पडेगाव. संध्याकाळी कोर्टातून परतताना वकील प्रेरणा आत्याच्या ओट्यावर टेकली आहे.)

प्रेरणा : अगं आत्या, घाबरू नकोस. तुझ्यावर कुणी केस केली नाही. नुसतं तुझं नाव घेतलं कोर्टात.

चंपाबाई : पर कशापायी? रस्त्याची केस हरून मला जमाना झाला. माझ्या दिरानं, कडुबानं नांगर घातला त्या रस्त्यावर. आता तिथं त्याच्या मोसंब्या हायेत.

प्रेरणा : तेच सांगतेय. फर्दापूरची रत्नमाला माझी पक्षकार आहे. तिच्याही शेताचा रस्ता दिरानं बंद केलाय. आज त्याचे वकील म्हणाले, चंपाबाईच्या केसप्रमाणे हिलाही रस्ता मिळत नाही, हायकोर्टानंच तसं ठरवलंय.

चंपाबाई : म्हंजी माझ्या नावानं दुसऱ्या बाईला अडवायलेत?

प्रेरणा : आजच नाही. आधी एका निकालात तुझं नाव आलं, तो वाचून दुसऱ्यात आलं. हायकोर्टाचा मूळ हुकूम कुणी उघडून बघितलाच नाही.

चंपाबाई : काय हाय त्यात?

प्रेरणा : अपील मुदतीनंतर आलं, म्हणून ऐकत नाही. बस्. रस्ता तुझा की कडुबाकाकांचा, त्यावर एक अक्षर नाही. मी तेवढंच वाचून दाखवलं. जज बाईंनी त्या वकिलांना विचारलं, यात ठरवलं कुठं? ऐकायलाच नकार दिलाय ना? मग ते कागद चाळत बसले.

चंपाबाई : उशीर झाला खरा. कडुबा म्हणायचा, वैनी, दिवाळीला बसून मिटवू. सख्खा दीर, मी थांबले. दिवाळीला त्यानं फराळ बी धाडला. अन् मुदत सरली तसा वळख दाखवंना.

प्रेरणा : हे कधी बोलली नाहीस तू.

चंपाबाई : इचारलं कुणी? ते जाऊ दे. त्या रत्नमालाचं काय झालं?

प्रेरणा : निकाल लागेपर्यंत रस्ता मोकळा ठेवा, असा हुकूम झालाय. पेरणीला ट्रॅक्टर जाईल तिचा.

चंपाबाई : ब्येस झालं. मंग मी बी हरले नाय म्हण की.

प्रेरणा : हरलीस, आत्या. खालच्या कोर्टाचा निकाल तुझ्यापुरता कायम आहे. तो आता हलत नाही. फक्त तुझं नाव पुढं करून दुसरीला अडवणं अवघड जाईल.

चंपाबाई : व्हय. तेवढं तर तेवढं.

प्रेरणा : वाईट वाटलं?

चंपाबाई : च्या घे, निवला बघ. तिचा रस्ता कुठून जातो गं?

प्रेरणा : नाल्याच्या कडेनं, दोन बांधांच्या मधून. ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढाच. का?

चंपाबाई : रविवारी नेतीस का मला? जरा चालून बघते.