पाहुण्यांच्या चादरी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजारच्याला ऐकू जाता कामा नये. देवाला अंतःकरणात जागा द्या, असं आम्ही कीर्तनकार रोज सांगतो, तुम्ही रोज माना डोलावता. अंतःकरण कुणी उघडून बघत नाही, म्हणून हे जमतं! पण कपाट? ते उघडता येतं. त्यात दुसऱ्यासाठी एक कप्पा निघतो का?

ऐका तर. चिंचवडला चौथ्या मजल्यावर, एका बेडरूमच्या घरात हेरंब आणि त्याची बायको शलाका राहायचे. कपाट एकच. दार उघडलं की आधी कपडे अंगावर यायचे, मग हवी ती वस्तू. हसू नका, काकू – तुमच्याकडे दार गुडघ्याने रेटून लावतात, हे ठाऊक आहे मला.

हेरंबाची आत्या इस्लामपूरला एकटी राहायची. त्याची आई लवकर गेली, तेव्हा दहावीपर्यंत तिनेच सांभाळलं त्याला. ती घसरून पडली, मनगट मोडलं. हा जाऊन तिला घेऊन आला. तिच्या मनात होतं, आता इथंच राहावं. त्याच्याही मनात तेच. पण बोललं कोण? कुणीच नाही! त्याला वाटलं, घरच्या माणसाला ‘राहा’ काय म्हणायचं? तिला वाटलं, म्हटल्याशिवाय कसं राहायचं? आणि तिची रेक्झिनची पिशवी दारामागे, भरलेलीच. धुतलेली साडी वाळली की घडी घालून परत पिशवीत.

आल्या दिवशी शलाकाने तिला विरलेली चादर अंथरली. म्हणाली, तुम्ही काय आत्या, घरच्याच!

मग एका रविवारी शलाकाने मोबाइलवर बघून कपाट आवरायला काढलं. शर्टांच्या सुरळ्या करून उभ्या लावल्या. सगळ्या ओढण्या एका हँगरवर. रजई प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा ओढून काढली – रजईचा पापड झाला हो, पापड! आत्या दाराशी खुर्चीत बसून एका हाताने मटार सोलत होती. मधूनच म्हणायची, जड ते खाली ठेव गं. दुपारपर्यंत मधला अख्खा कप्पा रिकामा!

आत्याने पायाने पिशवी जराशी पुढे ओढली.

शलाकाने पलंगाखालून लग्नात आलेल्या चार चादरी काढल्या, अजून प्लास्टिकमध्ये होत्या. त्या कप्प्यात ठेवल्या. पाहुण्यांसाठी हाताशी असू देत, म्हणाली.

पिशवी पायानेच मागे गेली.

आता तुम्ही म्हणाल, सून वाईट. नाही हो. ती दुष्ट नव्हती, नीटनेटकी होती. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

संध्याकाळी उरलेले मटार सोलता सोलता आत्याने हेरंबाला सांगितलं, मंगळवारी प्लास्टर काढतील, बुधवारची एसटी बघून ठेव.

“असं काय करतेस आत्या? तू घरचीच ना?”

“तेच नीट कळेना रे,” आत्या म्हणाली. “घरची म्हणून मला विरकी चादर. पाहुणी असते तर नवी तरी मिळाली असती. आणि कप्पा म्हणशील, तर तो चादरींनाच मिळाला.”

आवाज चढला नव्हता. मटार सोलणंही थांबलं नव्हतं.

शलाका उठली. कप्प्यातल्या चादरी काढल्या, एकीचं प्लास्टिक फाडलं. कधीतरी वापरायची म्हणून जपलेली चादर घडीवर पिवळी पडली होती. तीच आत्याच्या गादीवर घातली, आणि म्हणाली, “आत्या, राहा.”

दोन अक्षरं, मंडळी! निघायला सहा आठवडे लागले.

आत्याने चादरीची घडी हाताने सपाट केली. पिशवी मात्र हलली नाही. सोमवार गेला. मंगळवारी प्लास्टर निघालं. बुधवारी हेरंब कामावरून आला, तर दारामागे पिशवी नाही. त्याला ती एसटी आठवली. आत जाऊन त्याने कपाट उघडलं. मधल्या कप्प्यात पाच साड्या, चष्म्याचं घर, औषधाची डबी. आणि सगळ्यांच्या खाली ती रेक्झिनची पिशवी, रिकामी, घडी घातलेली. हवा न ओढताच रजईपेक्षा चपटी!

स्वयंपाकघरातून आत्या विचारत होती, हिंग कुठं ठेवता गं?

तेव्हा मंडळी, आरती झाली की घरी जा. कपाट नंतर आवरा. आधी दारामागे बघा. आपल्याला घरचं वाटणारं कुणी तिथं पिशवी भरून बसलेलं नाही ना? असेल, तर आज मला दक्षिणा नको. ती दोन अक्षरं तिथं द्या.