डब्यावर जी म्हणायचं न्हाय

आमी मूळचे बेंबळीचे, गुरुजी. बाप म्या धड बघितलाच न्हाय, म्या रांगत व्हतो तवाच गेला, मला वाढवलं ते बडेअब्बांनी, म्हंजे बापाच्या थोरल्या भावानं. विहिरींना सुरुंग लावायचं काम त्यांचं, पंचक्रोशीत नाव व्हतं. निजामाचं राज गेलं, मग आमी हैदराबादेत हाय म्हणले, मग म्हणले मुंबईत, मग म्हणले महाराष्ट्रात, आन आमी आपले बेंबळीतच. मला तवापासून काय बी एकदम उमगत न्हाय, खरं सांगतो. कुणी तरी कागद वाचून दाखवतं आन म्या व्हय म्हणतो.

घरात बोलणं आमचं दखनी, बाहेर मराठी, पण एक रीत दोन्हीकडं सारखी. मोठं माणूस बोलाय लागलं की मधी मधी जी म्हणायचं. जी, जी बडेअब्बा, जी. गप ऱ्हायलं तर टपली बसायची डोक्यात, म्हणायचे मुडद्याशी बोलतोय का म्या. लग्न झालं तरी माझी ती सवय न्हाय गेली, जाईल कशी, तोंडातच बसली व्हती.

तर तामलवाडीकडं तलावाचं काम निघालं. बांधाला दगड लागायचा, म्हणून टेकडीत खाण काढली. बडेअब्बा खाली सुरुंग भरणार, वात लावणार, आन म्या वर रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभा, गाड्या अडवायच्या, पाट्या वाहणाऱ्या बाया अडवायच्या. त्या बायांत माझी बायको रशीदा बी व्हती. सुरुंग उडाले की बडेअब्बा हिंडून बघायचे, शिट्टी मारायचे, मग म्या झेंडा खाली घ्यायचा. पण मधी टेकडीचं वळण, मला ते दिसत न्हाईत, त्यांना म्या दिसत न्हाय, आन वारं उलटं असलं की शिट्टी बी येत न्हाय. एकदा असाच घोळ झाला, एका गाडीवर दगड आला, बैलाचं शिंग मोडलं. माणूस वाचला.

मग तलावाच्या कामावरच्या साहेबांनी, तरणे व्हते साहेब, लांबनं बोलायची दोन जातीची यंत्रं आणवली. म्हणले, पंधरा पंधरा दिवस वापरून बघा, कुठलं ठेवायचं ते तुम्हीच सांगा. आता आमी काय सांगणार? पण साहेब म्हणले, जीव तुमचे हायत, तुम्हीच सांगायचं.

पहिलं तारेचं. मूठ फिरवायची, घंटी वाजायची, कानाला लावायचं. ते मला लई आवडलं. बडेअब्बा तिकडून बोलतायत, म्या इकडून जी जी करतोय, दोन्ही एकदम चालतंय, घरात बसल्यावाणी. पण सुरुंगाचा दगड पडला की तार तुटायची, रोज जोडायची. पंधरा दिवसांनी मग दुसरं घेतलं, बिनतारी. हा एवढा जड डबा, वर काडी. एक बटण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. साहेबांनी तीनदा दाखवलं. म्या तीनदा व्हय म्हणलं.

आठ दिवस बरं चाललं. बडेअब्बा म्हणायचे, मैनू, सोड, आन म्या जी म्हणून झेंडा खाली घ्यायचो. एवढंच बोलणं, त्यात काय चुकायचं?

त्या दिवशी सात सुरुंग व्हते. दुपारची भाकरीची येळ, बायांना घाई. म्या आवाज मोजले, सात झाले. टेकडीचा आवाज माघारी आला का काय ते अजून मला कळलं न्हाय, पण म्या तर सात मोजले. डब्यात बडेअब्बांचा आवाज आला, मैनू, ऐक. म्या अंगठा दाबला आन म्हणलं, जी. आन तिकडून मोठं माणूस बोलतंय म्हणल्यावर मधीच कसं गप व्हायचं, सांगा तुमी? जी, जी बडेअब्बा, जी. अंगठा तसाच दाबलेला. डबा गप. म्या म्हणलं, झालं असंल बोलून. काय म्हणले ते परत इचारायचं म्हंजे लक्ष नव्हतं म्हणून शिव्या. आन रोज काय म्हणतात? सोड म्हणतात. बाया ओरडायल्या, अरं सोड की, सात झाले. म्या म्हणलं, जा.

रशीदा सगळ्यात म्होरं.

ती वळणापाशी गेली आन काय बघतो, वळणाकडनं बडेअब्बा पळत येतायत, डोक्यावर टोपी न्हाय. जन्मात म्या त्यांना उघड्या डोक्यानं बघितलं नव्हतं. रशीदानं सासरा आला बघून पदर ओढला आन पाठ करून जागच्या जागी उभी ऱ्हायली. वाट अरुंद, मागच्या सगळ्या बाया थांबल्या. तेवढ्यात सातवा उडाला. म्होरच्या वाटेवर दगडं अशी पडली, गुरुजी, वाटच बुजली. बडेअब्बा पालथे पडले. जीव वाचला, पण डाव्या कानातनं रगत आलं, तो कान गेला तो गेलाच.

साहेब आले, काय झालं म्हणले. बडेअब्बा माझ्याकडं बघून म्हणले, डबा खराब हाय, आवाज गेला न्हाय, माघारी धाडा. माझ्यासाठी म्हणले ते, मला कळत व्हतं. म्या गप ऱ्हायलो असतो तर माझी रोजी बी टिकली असती आन नाव बी. पण मग परत शिट्टी, परत तेच वळण, आन रशीदा रोज त्याच वाटंनं. माझं डोकं चालंना. तरी म्हणलं, साहेब, डबा चांगला हाय, वंगाळ माझा अंगठा हाय.

मग बडेअब्बांनी सांगितलं. ते म्हणत व्हते, सहाच उडालेत, कुणाला सोडू नकोस, पण माझा अंगठा दाबलेला, मला ते आलंच न्हाय. बोलून अंगठा काढला तर माझं जी जी ऐकू आलं, आन मागोमाग म्या बायांना जा म्हणलं तेबी ऐकू आलं, कारण माझा अंगठा तसाच. म्हणून डबा टाकून पळाले. आता सांगा, डब्यानं मारलं का डब्यानं वाचवलं? म्या लई इचार केला, मला न्हाय सांगता येत.

साहेबांनी डबा ठेवला, मला बी ठेवला. नवा नेम काढला, जे ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, मगच झेंडा. आन बडेअब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, डब्यावर मला जी म्हणायचं न्हाय. तोंड मिटून ऐकायचं. पयल्या दिवशी मला रडू आलं, म्हातारा बोलतोय आन म्या दगडावाणी गप.

तलाव झाला, डबे गेले, पण गप ऱ्हायची सवय काय गेली न्हाय. आता बेंबळीत लोक म्हणतात, मैनूला सरकारी कामाचा माज चढला, थोरांच्या बोलण्याला जी म्हणत न्हाय. म्हणू द्या.

परवा बडेअब्बा बाजेवर पडून कायबाय सांगत व्हते, म्या उजव्या कानाच्या बाजूला गप बसून ऐकत व्हतो. नजर बी आता अधू झालीया त्यांची. मधीच थांबले, हात चाचपला माझा, म्हणले, मैनू, हायस का रं? आता मधी डबा न्हाय बाबा, म्हण की.

म्या जी म्हणलं. लई मोठ्यानं म्हणलं.