झिपरी पिसाळली नाई

हॅलो? हॅलो! चांद्याचा ढोराईचा दवाखाना काय? कय्यूम डाक्टरले द्या ना… लवकर!

डाक्टरसाहेब, मी भागीरथा. एटापल्लीकडून, जंगलाच्या हापिसातून बोलून राह्यली… नाकेदाराची बायको. हो, तेच! कुत्रीचं काळं हगणं काडीपेटीत भरून मोटारीनं धाडलं होतं ना? तुम्ही दुर्बिणीतून पाह्यलं, आकड्यावाणी तोंडाचे, रक्त पेणारे जंत सांगतले…

हो, झिपरी. पिल्लं दोन्ही मेले तिचे. आज सकाळी देल्ली तुमची जंताची गोळी, पण ऐका ना… चालते अन् पडते! लाळ गळून राह्यली, डोळे फिरवते. आमचे हे म्हणते, पिसाळली. शेजारच्या पत्रूभाऊची बंदूक आणाले गेले… मारतो म्हणते! मले लय भेव वाटून राह्यलं, साहेब…

नाई, चावली नाई कोणाले.

पाणी? हो, पेली ना! आत्ताच घमेल्यात तोंड घालून पेली.

हिरड्या? पांढऱ्याफटक. तशाच आहेत.

उपाशीच ठेवली, साहेब! काल दिवस बुडाल्यापासून काही नाई देल्लं. केकाटे, तरी नाई… एकच गोळी. एकच!

कशी म्हणजे? हातानं… दोनदा थुकली हो. मंग… लोण्यात लपवून देल्ली.

लोणी. म्हशीचं… लिंबाएवढं… नाई, दोन लिंबं असन. घशातून सरकन म्हटलं. अन् उपाशी होती बिचारी, वरून दूध बी पाजलं…

साहेब? लोण्याचं काऊन विचारता?

आं? लोण्यादुधानं औषध रक्तात चढते? मंग मीच… मीच मारली काय तिले?

हो… ऐकून राह्यली… नशेवाणी? म्हंजे पिसाळली नाई! उतरन ना?… पक्कं नाई सांगता येत?… बरं… अंधारात, गप ठेवाची. तोंडात काहीच नाई ओताचं, ठसका लागन. नीट उभी राह्यली तरच जुलाबाचं मीठ… हो. लोणी नाई. आईशपथ नाई.

पण आमच्या ह्यायले तुम्हीच सांगा ना! माह्यं नाई ऐकत ते. मागच्या साली अस्वल आलतं माह्यावर, हीच झिपरी मधात पडली. अन् मी तिले…

अगं बाई, आले! बंदूक आहे हातात. झिपरी इथीच पडवीत पडली आहे, साहेब… ठेवू नका फोन, त्यायलेच देते—

हॅलो?… डाक्टरसाहेब?… हॅलो?… बोला ना… गेली काय लाईन? आत्ताच गेली?… मुकाच झाला फोन, खरखर बी नाई…

…

हो, हो डाक्टरसाहेब! आता येते ऐकू! हो, समोरच उभे आहेत हे. काय म्हणता? पिसाळली नाई? औषधाची नशा आहे?

ऐकलं काय हो? डाक्टर म्हणते… नाई, तुम्हाले नाई देत फोन. मलेच सांगून राह्यले ते.

काय, साहेब? बंदूक खाली ठेवाले सांगू?… खाली ठेवा म्हणते हो! सरकारी डाक्टर आहेत, ठेवा!

…ठेवली, साहेब. ठेवली त्यायनं.

हो… हो… तुम्ही बोलत राहा, साहेब. मी ऐकून राह्यली.