हात मागे

बसच्या रांगेत पुढे दोन शिक्षिका बोलत होत्या. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी कान टवकारले.

"काय गं, तुमच्या शाळेत बोटाने चालणारा फळा आला म्हणे?"

"आला की. मोठ्या सरांनी जावयासारखा जपला, वर चादर घालून. मुलांना एकच ताकीद, हात मागे ठेवा, बिघडेल."

"आणि तू त्यावर बेरजेचे खेळ मागत होतीस!"

"त्यासाठीच तर तपासणीला आलेल्या साहेबांना वर्गात आणलं. ते म्हणाले, लावा रे बोट. एकाने लावलं असेल तर शपथ! सगळ्यांचे हात पाठीमागे."

"अगं बाई! मग?"

"साहेब म्हणाले, या मुलांना गोडीच नाही. काल फळा दुसऱ्या शाळेत गेला."

"आणि मुलं?"

"भिंतीवर खिळ्यांची भोकं उरलीत. त्यांच्याकडे बघून विचारतात, बाई, आता हात लावू?"