कौतिकामावशीची हाक

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर शोधा. उपकार करणाऱ्याला आपण हात जोडतो. पण आपली चूक चारचौघांत दाखवणाऱ्याला? — बघा, पहिली रांग लगेच छताकडे पाहू लागली!

ऐका तर. काजळवाडीच्या प्राथमिक शाळेत कौतिकाबाई खिचडी शिजवायची. नऊ वर्षं! मुलं तिला मावशी म्हणत. पातेलं असं लखलखीत घासायची, की मुली त्यात पाहून भांग पाडत.

एका भादव्यात अकरा मुलं आजारी पडली. उलट्या, जुलाब. दुसरीतली कावेरी तर चार दिवस सलाईनवर! गावाने निकाल द्यायला किती वेळ घेतला? पारावर टेकायला लागतो तेवढाच! "तिच्या हातचं खाल्लं, म्हणून झालं." — 'तिच्या हातचं'! या दोन शब्दांत तक्रार स्वयंपाकाची किती आणि जातीची किती, ते मी फोडून सांगू?

अहो, शुचितेवर आपल्याकडे ग्रंथांमागून ग्रंथ रचले गेले. कोणाच्या स्पर्शाने विटाळ होतो, कोणाच्या सावलीने होतो, तो कशाने फिटतो — केवढी ही सूक्ष्म बुद्धी! स्वतःच्या नखांत काय साचलंय, ते पाहायला मात्र त्या बुद्धीला सवड झाली नाही.

असो. शाळेची समिती बसली. अध्यक्ष दौलतराव. तांदूळ चाळला, तेल हुंगलं, तयार खिचडी बोटांनी चाखली. रिकाम्या पातेल्यात चौघांनी डोकं घातलं — आत चौघांना आपापलं तोंड दिसलं, दुसरं काही नाही!

दौलतराव म्हणाले, "कौतिकाबाई, कारण सापडलं नाही, तर उद्यापासून चुलीवर दुसरी बाई. लोकांचं समाधान करावं लागतं."

कौतिकाबाईला घोर पडला तो वेगळाच. काम जाईल ते जाईल — पण लेकरांना हिने आजारी पाडलं, हा बोल माथ्यावर घेऊन याच गावात राहायचं?

ढवळे गुरुजींनी विचारलं, "मुलांना हात धुवायला सांगता ना?"

"रोज सांगते, गुरुजी! पार फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक देते!" बरी होऊन शाळेत आलेली कावेरी दाराशी उभी होती. मावशीने तिला पुढे ओढलं. "सांग गं बाय, काय म्हणते मी?"

"चला रे, हात धुवून घ्या!"

मावशीचा जीव भांड्यात पडला. गुरुजी सहज म्हणाले, "मग तू काय करतेस?"

"ताट घेऊन पळते."

"आणि हात?"

पोर गोंधळली. "हात धुवून घ्या म्हणजे... खिचडी झाली ना, गुरुजी?"

मंडळी, आलं ध्यानात? अहो, जेवायला चला म्हणायचं तर आपण पाहुण्याला काय म्हणतो? 'हात धुऊन घ्या.' पाहुणा उपरण्याने मिशा पुसतो आणि पाटावर बसतो! नऊ वर्षं मावशी सूचना देत होती. मुलं घंटा ऐकत होती.

गुरुजी दयाळू. म्हणाले, "चूक मुलांची, असं लिहून टाकू."

सुटका समोर होती! पण कौतिकाबाईने कावेरीचे तळवे उलटसुलट करून पाहिले. नखं काळी.

"नाही गुरुजी. सांगितलं मी, पण वळून कधी बघितलं नाही. चूक माझीच. मला काढा, पण येईल तिला हे सांगा." मग कावेरीला जवळ घेऊन म्हणाली, "तुझे उपकार गं बाय! तू बोलली नसतीस, तर मरेस्तोवर नुसती ओरडत राहिले असते मी."

आता कावेरीला धीर आला. तिने दौलतरावांकडे पाहिलं. "आजोबा, मघाशी चाखलंत... तुम्ही धुतले होते?"

अरेरे! त्याच बोटांनी अध्यक्षांनी दहा मिनिटांपूर्वी तंबाखू मळली होती! दौलतराव लाजले — ही सोपी गोष्ट नव्हे, मंडळी, पुष्कळांना ती आयुष्यभर साधत नाही. उठले, नळावर गेले आणि तिथूनच म्हणाले, "चुलीवर कौतिकाबाईच राहतील. साबण कुठं आहे?"

साबण कपाटात! कुलूप लावून, पाहुण्यांसाठी!

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद. नळाला जाळीत साबण टांगला. मावशी तांब्या घेऊन उभी — तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. एकेका पोराचं पाहून मगच ताट. कोणी विचारलं, हे कोणी शिकवलं? तर म्हणायची, "माझी गुरू दुसरीत आहे!"

मंडळी, आपणही रोज पुष्कळ म्हणतो. दया म्हणतो, समता म्हणतो, देवाचं नाव घेतो — आणि ताट घेऊन पळतो!

प्रसाद तयार आहे. मी हाक देणार नाही. मांडवाच्या दाराशी पाणी आणि साबण ठेवलाय. तांब्या घेऊन मी स्वतः उभा राहतो. आणि पोरांनो, तुम्ही पुढे या. आधी माझे हात तपासा. काही दिसलं तर मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं — मी तुमचा जन्मभर ऋणी राहीन.